द्राक्षाच्या मांडवाखालची दुपार

चुडाव्याच्या स्टेशनाला लागून जिथं आमचं क्वार्टर होतं, तिथं आता वेड्या बाभळी माजल्या आहेत. भिंती पाडल्या, विटा कुणीतरी नेल्या, आणि जमिनीच्या अंगाला फरशीचे चार तुकडे तेवढे उरलेत. गेल्या उन्हाळ्यात थोरली बहीण आणि मी पूर्णेहून सहज म्हणून तिकडे गेलो होतो. तिला मी अक्का म्हणते. ती आता सत्तरीच्या घरात आहे, चालताना एक हात कमरेवर ठेवते. फरशीच्या एका तुकड्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, इथं चूल होती. मी म्हटलं, नाही, चूल तिकडं होती. खात्री दोघींनाही नव्हती.

रुळांवरून एक मालगाडी गेली. ती जाईपर्यंत अक्का तिच्याकडे बघत राहिली. नंतर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "एकदा ती बाग बघून येऊ."

कोणती बाग ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या आयुष्यात बाग म्हणावी अशी एकच.

त्या काळी इथून छोट्या रुळांची गाडी जायची. इंजिन कोळशाचं. गाडी येऊन गेली की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसायची, आणि माय ती फुंकरीनं उडवायची. हातानं झटकली तर डाग पडतो. लाकडी स्लीपरांना डांबराचा वास असायचा. उन्हाळ्यात तो वास इतका दाट व्हायचा की भाकरीलाही लागल्यासारखा वाटे. आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, रेल्वेत गँगमन होते. सकाळी हातोडा खांद्यावर टाकून रूळ ठोकत निघायचे. रूळ बरोबर असला तर आवाज घंटेसारखा लांब जातो, बोल्ट ढिला असला तर भांड्याला पोचा असल्यासारखा बद्द येतो. आम्ही अंथरुणात पडल्या पडल्या तो आवाज ऐकत असू आणि तो पूर्णेच्या बाजूला विरत विरत गेला की उठत असू. घड्याळ घरात नव्हतं, आणि त्याची गरजही पडली नाही.

ऋतू आम्हाला वासानं कळायचे. कापूस वेचून झाला की पळाट्या जळायच्या, त्यांचा धूर गोडसर. करडई फुलली की वाटेनं चालताना पोटऱ्यांना काटे लागत आणि सगळीकडे पिवळं-केशरी काहीतरी पसरलेलं दिसे. हुरड्याच्या दिवसांत शेजारच्या वावरातून माणसं बोलवायची. दादा आम्हाला जाऊ द्यायचे, स्वतः मात्र जात नसत. का जात नाहीत ते तेव्हा समजत नव्हतं. आमच्या आज्यानं जन्मभर गावकीची कामं केली होती. कुणीही हाक मारावी आणि त्यानं उठून जावं. दादा रेल्वेला चिकटले ते त्या हाकेच्या टप्प्याबाहेर जाण्यासाठी. दीक्षा घेतली त्या साली त्यांनी गावातलं घर सोडलं, आणि पुन्हा कुणाच्या बांधावर पाय ठेवला नाही. क्वार्टरच्या भिंतीवर कॅलेंडरमधून कापलेलं बुद्धाचं चित्र होतं, वेरूळच्या लेण्यातलं. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची तेव्हा ते खाली काढून पेटीत ठेवायचे, आणि पोळा झाला की पुन्हा लावायचे. एकदा तिथं जायचं, असं दादा दर वर्षी म्हणत.

मग दुष्काळ आला. त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलंय. मला त्यातला रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोचा, त्या परदेशी ज्वारीचा, वास आठवतो, आणि अक्काचे हात. दादांच्या एकट्याच्या पगारावर काका, काकांची मुलं, सगळी येऊन राहिली तेव्हा अक्का आणि माय खडी फोडायच्या कामावर जायला लागल्या. अक्का तेव्हा सतरा-अठराची असेल. तिथं सावली नावाची गोष्ट नव्हती. बायका डोक्यावर ओलं फडकं टाकून बसत, आणि ते फडकं वाळायला काही वेळ लागत नसे. संध्याकाळी अक्का परत यायची तेव्हा तिच्या भुवयांवर दगडाचं पीठ असायचं. ती तोंड धुवायची नाही, आधी दाराच्या आत, भिंतीला टेकून अंधारात बसायची. माय हाक मारायची, तर म्हणायची, "थांब. जरा सावली खाऊ दे."

दुष्काळ सरला, पाऊस झाला, काकांची माणसं गावी परतली. अक्का मात्र तशीच दारामागे बसायची, सवय लागल्यासारखी.

अक्काच्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा औरंगाबादहून आत्याचा निरोप आला. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. तिचे यजमान तिथं गिरणीत होते. तिनं एक स्थळ सुचवलं होतं. मुलगा दौलताबादच्या बाजूला द्राक्षाच्या बागेत काम करतो, घरी आई एकटी, दोघंही दीक्षा घेतलेली, निर्व्यसनी. घर बघून जा, असा निरोप. घर बघायला मुलीनं जायची रीत नव्हती. पण दादांना वर्षातून एकदा रेल्वेचा पास मिळायचा, घरच्या सगळ्यांचा, आणि तो पास वापरायचा तर सगळ्यांनीच जायचं, असं त्यांनी ठरवलं. त्या निमित्तानं वेरूळही होईल. माय म्हणाली, पोरीला संगं नेलं तर लोक काय म्हणतील. दादा म्हणाले, पास म्हणतो तिला न्या.

होळी झाल्यावर आम्ही निघालो. ज्वारीची काढणी चालू होती. पूर्णा गेलं, परभणी गेलं, मानवत रोड, सेलू; दर स्टेशनावर गाडी पाणी प्यायची, आणि आमच्यासारखीच माणसं गाठोडी घेऊन चढायची. मायनं धपाटे आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. परतूरच्या पुढं जमीन उघडी-बोडकी दिसायला लागली, काळ्याची तांबूस झाली. अक्का खिडकीशी बसून होती. तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. मी चौदाची होते आणि मला इंजिनच्या कोळशाचा कण डोळ्यात जाऊ नये एवढीच काळजी होती.

दुसऱ्या दिवशी आत्या आम्हाला बागेवर घेऊन गेली.

दौलताबादचा किल्ला आधी दिसला, उलट्या वाटीसारखा. मग धुळीची वाट, मोटेच्या जागी बसवलेल्या इंजिनाची टक टक, आणि एका वळणानंतर तो मांडव. दगडी खांब रोवलेले, त्यांवर तारा ताणलेल्या, आणि तारांवर वेल असा पसरलेला की आभाळ दिसत नव्हतं. आम्ही वाकून आत शिरलो आणि बाहेरचं ऊन एकदम बंद झालं. आतला उजेड हिरवा होता. आत्याची पांढरी साडी हिरवी दिसत होती, मायचे केस हिरवे दिसत होते. ओल्या मातीचा, गंधकाचा आणि कसल्याशा आंबट-गोड गोष्टीचा वास. डोक्याच्या थोडं वर घड लोंबत होते, हजारोंनी, आणि त्यांच्यात मधमाश्यांचा आवाज असा भरून राहिला होता की तो ऐकू येतोय हे आधी लक्षातच आलं नाही. कुठंतरी कुणी पत्र्याचा डबा वाजवत होतं, पाखरं उठवायला.

अक्का चालता चालता थांबली. तिनं वर पाहिलं आणि तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली. मायनं तिला कोपरानं ढोसलं.

मुलाचं नाव उत्तम. उंच, अंगानं किडकिडीत, हाताची बोटं फवारणीच्या मोरचुदानं निळसर झालेली. त्यानं आम्हाला राम राम नाही, जयभीम घातला आणि पाणी दिलं. त्यांचं घर बागेच्या कोपऱ्यातच होतं, विहिरीशेजारी, मातीच्या भिंती आणि वर पत्रे. अंगण मात्र आरशासारखं सारवलेलं. त्याच्या आईनं गूळ घालून चहा केला. तिला दात कमी होते आणि ती खूप हसायची. त्या दिवशी माल भरायचा होता. करंड्यांत तळाला गवत अंथरून घड रचायचे, आणि ट्रक यायच्या आत उरकायचं. म्हातारी म्हणाली, पाहुणे आले तरी घड काही थांबत न्हाईत, तुमी बसा, मी आलेच. अक्का बसली नाही. ती तिच्या मागं मांडवात गेली.

मी त्यांच्यामागं गेले म्हणून मला हे माहीत आहे. उत्तम शिडीवर उभा राहून घड कापत होता आणि अक्का खालून हात वर करून ते घेत होती. पहिला घड तिनं ओंजळीत धरला तेव्हा तो म्हणाला, "तसं न्हाई. देठाला धरा. मण्यांना हात लागला की त्यांची झिलई जाती."

अक्कानं पाहिलं, खरंच, तिची बोटं लागली तिथं मण्यांवरची पांढुरकी भुकटी पुसली गेली होती. पुढचा घड तिनं देठाला धरला. त्यानंतर दोघांत बोलणं झाल्याचं मला आठवत नाही. तो कापायचा, ती घ्यायची, म्हातारी रचायची. ऊन पानांतून झिरपून त्यांच्या अंगावर पडत होतं, नाण्याएवढ्या ठिपक्यांनी. खडी फोडणारे अक्काचे ते हात इतके हळू चालताना मी पहिल्यांदाच पाहिले. दुपार बरीच कलेपर्यंत हे चाललं, आणि तेवढ्या वेळात तिनं एकदाही घाम पुसला नाही.

दादा मात्र बांधापाशीच बाजेवर बसून होते. संध्याकाळी उत्तम समोर येऊन बसला तेव्हा त्यांनी विचारलं, बाग कुणाची. मालकाची, तो म्हणाला. घर? तेही मालकाचंच. विहीर, इंजिन, शिडी, सगळं विचारून झालं.

"मग तुमचं काय हाय?" दादा म्हणाले.

उत्तमनं थोडा विचार केला. "वेल मी वाढवलाय," तो म्हणाला. "लावला तवा बोटाएवढा होता."

दादांनी मान हलवली. त्यांना ते उत्तर वाटलं नसावं. तेवढ्यात लांबून कुणीतरी हाक मारली, उत्तम ए, आणि उत्तम बोलणं अर्धं टाकून उठला आणि धावत गेला. ट्रक आला होता, एवढंच. पण मी दादांचा चेहरा पाहिला. परत येताना वाटेत ते आत्याला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण हाकेला पळणारा हाय. माझी पोरगी मी हाकेच्या घरात देत न्हाई."

आत्या काही बोलली, माय काही बोलली. दादा पुढं चालत राहिले. विषय तिथं मिटला असं सगळ्यांनी धरलं.

पुढच्या दिवशी वेरूळ. यस्टीनं गेलो, खुलताबादचा घाट उतरून. मायला लेण्यांचं काही विशेष वाटलं नाही. एवढा दगड कुणी आणि कशाला फोडला, एवढंच ती म्हणाली, आणि मग दुष्काळातली खडी आठवून हसली. शाळेत शिकलेलं मला सगळं आठवत होतं, पण समोर दगड आल्यावर शिकलेलं काही कामाला येत नव्हतं. एका दालनातून दुसऱ्या दालनात गेलं की गार हवा अंगावर यायची, वटवाघळांचा वास यायचा. शेवटी आम्ही त्या लेण्यात आलो ज्याचं चित्र आमच्या भिंतीवर होतं. वरचं छत आतून उलट्या होडीसारखं, दगडातच कोरलेले वासे, आणि टोकाला बसलेले बुद्ध. एक राखणदार दाराशी पत्रा धरून उभा होता; तो पत्रा हलवून उन्हाची तिरीप आत टाकायचा, आणि बुद्धांचा चेहरा अंधारातून वर यायचा.

दादांनी पायताण बाहेर काढलं होतं. ते पुढं गेले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्रिशरण म्हटलं. घरी ते म्हणायचे तेव्हा त्यांचा आवाज बारीक असायचा, थोडा लाजरा. इथं तो आवाज वर गेला, वाशांना लागला आणि मोठा होऊन खाली आला. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्यात मिसळायचा, आणि वाटायचं की पुष्कळ माणसं एकदम म्हणतायत. दादा मधेच थांबले. आवाज त्यांच्यानंतरही काही वेळ चालूच राहिला. त्यांना रडू आलं असावं. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

अक्का मायच्या शेजारी खांबाला टेकून उभी होती. आवाज विरला तेव्हा ती मायच्या कानाशी लागून, अगदी हळू म्हणाली, "माय, मला तिथंच दे. त्या बागेत."

लेणं काही लपवून ठेवत नाही. ते वाक्य तिनं मायला सांगितलं, आणि लेण्यानं सगळ्यांना. राखणदारानं वळून पाहिलं. आत्यानं पदर तोंडाला लावला. दादा तसेच बसून राहिले, बुद्धांकडे तोंड करून. आपल्या बापासमोर लग्नाबद्दल तोंड उघडणारी मुलगी आमच्या घरात त्याआधी झाली नव्हती. अक्का भिंतीकडे बघत होती.

दादा उठले, धोतर झटकलं. "चला," म्हणाले, "यस्टी निघून जाईल."

परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सकाळी मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, आम्हाला शहर दाखवलं. दरवाजे, बाजार, आणि एका बोळात हिमरूचं वेलबुट्टीदार कापड विणायचा कारखाना. कारखाना कसला, एक लांब खोली, खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला म्हातारा विणकर, आणि वर फळीवर बसून दोरे ओढणारा त्याचा भाऊ. वरच्यानं दोरे ओढले की खालचा धोटा टाकायचा. पायाखालच्या फळ्यांचा आवाज, रंगवलेल्या सुताचा खारट वास. विणकर म्हणाला, ही नक्षी अजिंठ्याच्या छतावरची आहे, ही किल्ल्यातली, ही आपल्या आजोबांची. कापडावर वेलबुट्टी बोटबोट पुढं सरकत होती, आणि एवढं कापड व्हायला दिवस गेला असं तो सांगत होता. माय तोंडात बोट घालून बघत होती. दादांनी त्याला विचारलं, मुलं हे काम करतात का.

"दोनों बेटे नौकरी पो लग गए," म्हातारा म्हणाला. "एक मिल में, एक रेल में. पोता देखने को आता नहीं. हाथ का काम हाथ के साथ जाता, साब."

रेल म्हटल्यावर दादांनी मान वर केली. मग त्यांनी त्या मुलाची चौकशी केली, कुठल्या डिव्हिजनला आहे, कायम झाला का, क्वार्टर मिळालं का. म्हाताऱ्यानं सगळं अभिमानानं सांगितलं, आणि सांगताना त्याचे हात मागावर थांबले नाहीत.

सेलूच्या आसपास, गाडीत, दादा पहिल्यांदा अक्काकडे वळून बोलले. "पोरगा वाईट न्हाई," ते म्हणाले. "मी त्याला रेल्वेत लावतो. हिकडं आणतो. मग कुणाची हाक न्हाई, काय न्हाई. मग तुझं लगीन त्याच्याशीच."

अक्कानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर करडई वाळून उभी होती. तिच्याकडून उत्तर आलं नाही, आणि मुलीनं उत्तर न देणं म्हणजे होकार, असं सगळ्यांनी समजून घेतलं. मीही घेतलं. माय तर इतकी सुखावली की तिनं शेजारच्या अनोळखी बाईला पदरात जपून आणलेली द्राक्षं वाटली.

उत्तम पावसाळा संपल्यावर चुडाव्याला आला. त्याला ते कुणी कसं पटवलं, त्याची आई काय म्हणाली, मालकानं सोडला कसा, हे मला माहीत नाही. आला तेव्हा त्याच्या बोटांचा निळा रंग उतरला होता. आधी टेंपररी म्हणून गँगमध्ये लागला, नंतर कायम झाला. वैशाखात लग्न झालं, पांढऱ्या साडीतलं, स्टेशनापुढच्या चिंचेखाली. अक्का सुंदर दिसत होती. उत्तमदाजी सगळ्यांना आवडले. दादांना तर मुलगाच मिळाला. दोघं हातोडे घेऊन सकाळी सोबत निघायचे, आणि क्वार्टरातून ऐकलं तर कोणता ठोका कुणाचा ते कळायचं. दादांचा मोठा, दाजींचा हलका, जपून मारलेला, जणू रुळालाही झिलई असावी.

त्यांचा संसार चांगला झाला. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, तो चांगलाच झाला. पगार वेळेवर, क्वार्टर पक्कं, मुलं शिकली, एक मुलगा इंजिनियर झाला. कुणी हाक मारून दाजींना उठवलं नाही. त्यांच्या आईला त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांचे तळहात रुळानं भाजायचे, तेव्हा अक्का त्यांना लोणी लावायची. पुढं तळहात घट्ट झाले. स्टेशनमास्तरच्या दारची मधुमालती ते दर वर्षी छाटून द्यायचे, आणि ती इतकी फुलायची की येणारे-जाणारे विचारायचे. आपल्या दारात मात्र त्यांनी कधी काही लावलं नाही. एकदा मीच म्हटलं, दाजी, द्राक्षाचा वेल लावा की. ते म्हणाले, ही जमीन त्याला मानवत न्हाई. बोलून झाल्यावर ते बराच वेळ नखातलं वंगण काडीनं काढत बसले.

अक्कानं तिला मिळालेल्या गोष्टींत काय कमी होतं ते कधी सांगितलं नाही. तिनं बाग मागितली होती, दादांनी माणूस आणून दिला. दादा गेले तेव्हा समाधानानं गेले, आणि त्यांचं चुकलं असं मला अजूनही म्हणवत नाही. हाकेला पळणं काय असतं ते त्यांनी पाहिलं होतं. सावली काय असते ते अक्कानं. एकाच घरातली दोन माणसं, पण प्रत्येकाचं ऊन वेगळं.

चुडाव्याच्या त्या फरशीवर अक्का बाग बघू म्हणाली, त्यानंतर श्रावणात आम्ही दोघी गेलो. दाजींचे गुडघे चालत नाहीत, ते पूर्णेला घरीच राहिले. या म्हणून अक्कानं त्यांना म्हटलंही नाही, आणि त्यांनीही येतो म्हटलं नाही. आता गाडी मोठ्या रुळांची, डब्यात पंखे, खिडकीतून कण येत नाही. दौलताबादला उतरलो तेव्हा झिमझिम चालू होती. किल्ला हिरवा झाला होता. वेरूळच्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली होती. मी विचारलं, लेणं बघून येऊ का. अक्का म्हणाली, "लेणं काय, जाग्यावरच ऱ्हातंय."

रिक्षा करून त्या वाटेनं गेलो. वाट डांबरी झाली होती. विहीर सापडली, तिच्यावर लोखंडी जाळी टाकलेली. बाकी काही नव्हतं. जमीन सपाट करून प्लॉट पाडले होते, चुन्याच्या रेघा पावसानं धुपून गेल्या होत्या आणि प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्यावर एकेक दगड रोवला होता. त्यातले काही दगड जुन्या मांडवाच्या खांबांचे तुकडे असावेत; लांबट होते, आणि एकाच्या डोक्याला तारेचा चरा पडलेला दिसला. एका बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चौकीदार बसला होता. त्यानं सांगितलं, बाग लय वर्सांपूर्वीच काढली, पाणी आटलं, मालकाच्या पोरांनी इकली. तुम्हाला प्लॉट बघायचाय का, असं त्यानं आदरानं विचारलं.

अक्का मधोमध जाऊन उभी राहिली. छत्री माझ्याकडे होती. मी जवळ जायला निघाले तर तिनं हातानंच नको म्हटलं. पाऊस तिच्या केसांवर पडत होता. तिनं एकदा मान वर करून पाहिलं, जसं त्या दिवशी पाहिलं होतं, आणि लगेच खाली घातली. वर आभाळच होतं. मग ती विहिरीपाशी गेली, जाळीतून आत डोकावली, आणि परत येऊन म्हणाली, चल. रडली वगैरे नाही. रस्त्यावर एक बाई पेरू विकत बसली होती, तिच्याकडून तिनं निवडून निवडून पेरू घेतले, दाजींना चावतील असे, पिकलेले.

गाडीत ती झोपली. मी जागी होते. परतूर, सेलू, मानवत रोड. पावसानं भरलेली रानं, कपाशी गुडघ्याएवढी. मला वाटत होतं की आता काहीतरी मोठं जाणवेल. तसं काही झालं नाही. फक्त एवढं मनात आलं की ज्या जागेची ओढ या बाईनं जन्मभर बाळगली, तिथं ती होती ती एकच दुपार.

पूर्णेला उतरलो तेव्हा दिवस मावळत होता. दाजी स्टेशनावर आले होते. काठी टेकत, एका बाकावर, पाय लांब करून बसले होते. आम्हाला बघून उठले. कशी झाली गाडी, गर्दी होती का, असं मला विचारलं. प्लॅटफॉर्म थोडा रिकामा झाला तेव्हा त्यांनी अक्काला विचारलं, "बाग हाय का?"

"हाय की," अक्का म्हणाली.

"बरी हाय?"

"लय बरी हाय. घडानं नुसती वाकलीय."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं. श्रावणात द्राक्षाच्या वेलीवर नुसती पानं असतात. घड धरायचे तर दसऱ्यानंतर छाटणी करावी लागते, आणि मग ते फाल्गुनात पिकतात. हे मला पुढं कधीतरी कुणाकडून तरी कळलं. अक्काला ते अजून माहीत नसावं. तिनं ती बाग पाहिली ती फाल्गुनात, आणि तिच्या मनात ती कायम फाल्गुनातच राहिली. दाजींचा सगळा तरुणपणा त्या छाटण्यांत गेला होता.

त्यांनी तिच्या हातातली पेरूंची पिशवी घेतली.

"मग पाखरं लय येत असतील," ते म्हणाले. "राखायला माणूस ठिवलाय का?"

"ठिवलाय," अक्का म्हणाली.